कुंपणाचं लग्न

लग्न दिवस मावळायच्या आत लावायचं, हे कमलाकरने सकाळीच ठरवलं. नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या स्लाऊला जेवून हात धुवेपर्यंत उजेड जायला लागतो, आणि अंधारात फळं दिसत नाहीत. मुहूर्त बघायचं काम त्याच्या बायकोचं, वैजयंतीचं. ती मार्चमध्ये गेली. तेव्हा ह्या वर्षीचा मुहूर्त त्याने खिडकीतून आभाळ बघून काढला.

घरापुढच्या बागेत तो प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून फळं तोडत होता. बाग म्हणजे फुटपाथ आणि दार यांच्यामधली जागा. तिच्या कडेने कमरेएवढं कुंपण, बारीक चकचकीत पानांचं, बाराही महिने हिरवं. एका टोकाला गाडी आत यायला फट ठेवलेली. गाडी त्याने उन्हाळ्यात विकली, फट तशीच राहिली. पानांच्या आत वाटाण्याएवढी तांबडी फळं लपलेली असत. हात घातला की बोटांना वास लागायचा, पेरूचा आणि स्ट्रॉबेरीचा मिळून. फळ ओढायचं नाही. पिकलेलं असेल तर बोट लागताच हातात येतं. जे येणार नाही ते पुढच्या आठवड्याचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वैजयंती तोडायची तेव्हा तो खिडकीतून बघायचा, तेवढं बघून कळलं.

"दादा, तू हे खरंच करतोयस?"

फटीत त्याची बहीण उभी होती. मधुमती इल्फर्डहून सकाळची ट्रेन धरून आली होती. खांद्याला पिशवी, नाक थंडीने लाल.

"बस आधी. चहा टाकतो."

"चहा नको. फोनवर तू लग्न म्हणालास, मला वाटलं ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला."

"तुळशीचं लग्न. दरवर्षी लावतो."

"दरवर्षी वहिनी लावायची. तू टॉवेलचं एक टोक धरून उभा राहायचास. आणि वर्ष झालं नाही अजून. वर्षाच्या आत घरात मंगलकार्य करत नाहीत. दिवाळीला तू कंदील लावला नाहीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, ह्याला भान आहे."

"दिवाळी माझी होती. ती मी नाही केली. हे लग्न झाडाचं आहे. झाडाला सुतक नाही."

"असं कुणी सांगितलं?"

"बघ की त्याच्याकडे."

मधुमतीने बघितलं. रस्त्यावरच्या बाकी घरांतली झाडं उघडी पडली होती, पानं गटारात साचली होती. ह्या कुंपणाचं एक पान हललेलं नव्हतं.

"ती गेली तेव्हा मला वाटलं, हेही वाळेल," कमलाकर म्हणाला. "जूनमध्ये फुलं आली. गुलाबी, घंटेसारखी, खाली माना घातलेली. दरवर्षीपेक्षा जास्त. मला इतका राग आला की शेडमधून कात्री घेऊन आलो. म्हटलं, लाज नाही तुला."

"मग?"

"मधमाश्या होत्या त्याच्यावर. त्या जायची वाट बघत उभा राहिलो. त्या जाईनात. मग कात्री परत ठेवली."

मधुमतीने वाकून एक फळ तोडायला हात घातला, ते येईना, तेव्हा सोडून दिलं. मग फुटपाथकडे बघत म्हणाली, "आणि हे काय? ह्या पांढऱ्या रेघा कसल्या?"

फुटपाथवर, कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणी तरी पांढऱ्या रंगाच्या खुणा करून गेलं होतं.

"पाण्यावाले असतील," कमलाकर म्हणाला.

हे कुंपण म्हणजे त्यांच्या घरातला जुना विनोद होता. घर घेतलं त्या वर्षी वैजयंती गार्डन सेंटरमध्ये गेली आणि झाडांचा अख्खा ट्रे घेऊन आली. चिठ्ठीवर 'चिलियन ग्वावा' असं होतं. तिने ग्वावा वाचलं, चिली सोडून दिलं. स्लाऊत पेरू होणार म्हणून तिने पुण्यापर्यंत फोन केले. रोपं ओळीने लावली. दुसऱ्या वर्षी फळं धरली ती वाटाण्याएवढी. मधुमती तेव्हा म्हणाली होती, "वहिनी, पेरू दुकानातच राहिले. तुमच्याकडे नुसत्या बिया आल्यात." सगळ्यांत जास्त वैजयंतीच हसली. मग तिने एक फळ तोंडात टाकलं आणि म्हणाली, "बोरांची सोय झाली."

कारण तुळशीच्या लग्नाला बोरं लागतात, आणि इथल्या दुकानात ती मिळाली तर सुकलेली मिळतात. तुळशीचं त्याहून वाईट. खिडकीतली तुळस दरवर्षी ऑक्टोबरातच मान टाकायची. तेव्हापासून दाराजवळचं पहिलं झाड वैजयंतीने नवरी केलं. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "काचेमागच्या काड्यांपेक्षा देवाला अंगणातलं जिवंत झाड आवडेल. नाही आवडलं तर देव सांगेल मला, तुम्ही नका सांगू."

ह्या झाडांना नळाचं पाणी मानवत नाही म्हणून तिने छपराच्या पाइपखाली पिंप बसवलं. घरातल्या चहाचा चोथा मुळांशी जायचा. जानेवारीत कडक थंडी पडली की जुन्या सुती साड्या झाडांवर घालायची, आणि सकाळी कामाला निघालेले लोक निळ्या-जांभळ्या साड्या नेसलेलं कुंपण बघत जायचे. कमलाकरला तेव्हा लाज वाटायची. ट्रेडिंग इस्टेटवरच्या गोदामात त्याची सगळी नोकरी झाली, तिथले दोघं-तिघं ह्याच रस्त्याने जायचे. "तुझ्या बायकोने झाडांची लग्नं लावलीत का?" असं विचारायचे. तो म्हणायचा, "हो, दरवर्षी." त्यांना वाटायचं, हा गंमत करतो.

दुपारी परीक्षितची गाडी फटीतून आत आली. परीक्षित त्याचा मुलगा, इथेच जन्मलेला, मिल्टन कीन्सला राहणारा. बरोबर सून पूर्वी आणि नात मायरा. मायरा गाडी थांबायच्या आधीच पट्टा सोडून बसली होती.

"आजोबा, हा रेडवाला खाऊ?"

"मऊ लागेल ते खा. कडक लागेल ते राहू दे."

पूर्वीने खाली उतरून उसाची दोन कांडी काढली. "बाबा, हायस्ट्रीटवर मिळाली. दुकानदार म्हणाला, शेवटची. आत्या, तुम्ही कधी आलात?"

"सकाळी. तुझ्या सासऱ्याला अक्कल शिकवायला. त्यात काही यश नाही."

"यश आईंनाच यायचं," पूर्वी म्हणाली, आणि ऊस भिंतीला टेकवून ठेवताना तिने तोंड वळवलं.

परीक्षित आत जाऊन फ्रिज उघडून बघत होता. आला की पहिलं काम हेच. कमलाकर मागून आला.

"दूध आहे, अंडी आहेत, भाजी आहे," कमलाकर म्हणाला. "तुझी तपासणी झाली असली तर चहा घे."

"मी चेक नाही करत. मी बघत होतो." परीक्षितने दार लावलं. "बाबा, मंडेला ते लोक येणार. सकाळी लवकर. तुम्ही फक्त दार उघडा, बाकी सगळं मी ऑनलाइन केला आहे."

"कोण लोक?"

"ड्राइव्हवेचे. आपण बोललो ना, जुलैमध्ये. मी फोटो दाखवलेला."

कमलाकरला फोटो आठवला. राखाडी फरशी, त्यावर दोन गाड्या, भिंतीला चार्जर. फोटोत घर दुसऱ्याचंच होतं. परीक्षितने तेव्हा सगळं समजावून सांगितलं होतं. तो, पूर्वी आणि मायरा इथे राहायला येतील, बाबा एकटे राहणार नाहीत. दोन गाड्या ठेवायच्या तर पुढची जागा मोकळी करावी लागेल. कौन्सिलला फुटपाथची कड उतरती करायला सांगावी लागेल. कमलाकर ऐकत होता. त्या महिन्यात तो सगळंच ऐकत होता, रेडिओ ऐकावा तसा.

"मी काही बोललो नव्हतो," तो म्हणाला.

"एक्झॅक्टली. तुम्ही नाही बोलला नाहीत."

"परी, मी तुला म्हटलं होतं," पूर्वी दारातून म्हणाली. "बाबा गप्प बसले म्हणजे ते हो नसतं. नीट विचार म्हटलं होतं."

"मी विचारलं ना. दोनदा."

आणि त्याने विचारलंही असेल. इतकी वर्षं कमलाकरचं गप्प बसणं वैजयंती मुलाला समजावून सांगायची. बाबांना पटलेलं नाही हं. बाबांना चालेल, जा तू. पोरगा तिच्याकडे बघूनच बापाचं उत्तर घ्यायचा. ती गेल्यावर गप्प बसणं हे नुसतं गप्प बसणं उरलं, आणि ज्याला जे हवं ते त्याने त्यात वाचलं.

"म्हणजे त्या रेघा तुझ्या," कमलाकर म्हणाला.

"काउन्सिलच्या. अप्रूव्ह झालाय."

मधुमतीने चहाचं आधण ठेवलं होतं. ती मागे न वळता म्हणाली, "दादा, उगाच ताणू नकोस. पोरगा बायकोमुलीला घेऊन सोबतीला येतोय. त्यासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात. आणि तू झाडं धरून बसलास."

"थँक यू, आत्या," परीक्षित म्हणाला.

"लग्न आधी," कमलाकर म्हणाला. "मग बोलू."

"मग म्हणजे कधी? मंडे परवा आहे."

"ऊन चाललंय," कमलाकर म्हणाला आणि फळांची वाटी घेऊन बाहेर गेला.

पूर्वीने नवरीच्या झाडापुढची जागा झाडून घेतली, पाट मांडला, ऊस झाडामागे खोचला. फांद्यांत हिरव्या बांगड्या अडकवल्या. पितळेचा बाळकृष्ण वैजयंतीच्या देवघरातून आला. मायराने त्याला आपला लोकरी मोजा घातला, थंडी आहे म्हणून. पूर्वी काढायला गेली तर कमलाकर म्हणाला, "राहू दे. नवरदेव आहे, त्याचं कोण ऐकतं."

टॉवेल आणायला तो स्वयंपाकघरात आला. मधुमती टेबलाशी बसली होती. समोर चहाचा कप तसाच.

"चल बाहेर," तो म्हणाला.

"तुम्ही लावा. मी इथून बघते. मी अशी, तू असा. नवरीकडून उभं कोण राहणार? बरं नाही दिसत."

कमलाकरने खण उघडला. अंतरपाट म्हणून वैजयंती जो भांडी पुसायचा टीटॉवेल वापरायची तो खाली घडी करून ठेवलेला होता. विंडसरच्या किल्ल्याचं चित्र, धुऊन धुऊन फिकं झालेलं. तो हातात घेऊन तो उभा राहिला. बहिणीला तिच्याच वेळचं काही आठवून द्यावं असं त्याच्या मनात होतं, पण ते काढून दाखवायची त्याला इच्छा नव्हती. ते मधुमतीच बोलली.

"यतीन गेले त्या वर्षी मी वहिनीला कळवलं होतं, येणार नाही म्हणून."

"माहीत आहे."

"कशी आली होती ते माहीत नाही तुला. कोट घालून सोफ्यावर बसली. मी म्हटलं, कोट काढा, चहा करते. म्हणाली, कोट काढायला वेळ नाही, नवरी थांबलीय. मी म्हटलं, वहिनी, मला विधवेला कशाला नेता लग्नाला. तर म्हणाली, तुला नाही नेत, तुझा आवाज नेते. माझ्या गळ्यातून मंगलाष्टका म्हणजे मांजर ओरडल्यासारखं होतं. तेव्हा चप्पल घाल." मधुमतीने कप पुढे सरकवला. "त्या फळांचं भांडं माझ्या मांडीवर ठेवलं तिने. सगळ्यांसमोर. तुमच्या शेजारच्या त्या देसाईबाई बघतच राहिल्या."

"हं."

"सबंध ट्रेनभर मी काय काय पाठ करत आले तुला सुनवायला. वर्षाच्या आत असं आणि वर्षाच्या आत तसं." तिने पिशवी ओढली, आतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. कुंकवात रंगवलेल्या अक्षता होत्या. "आणि ह्या पहाटेच करून ठेवल्या. हातांनी मला विचारलंच नाही."

"चप्पल घाल," कमलाकर म्हणाला.

उजेड उतरत होता. टॉवेलचं एक टोक कमलाकरने धरलं. दुसरं टोक नेहमी वैजयंतीच्या हातात असायचं. क्षणभर ते तसंच लोंबत राहिलं, मग परीक्षितने पुढे येऊन धरलं. बाप आणि मुलगा समोरासमोर, मध्ये विंडसरचा किल्ला, एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला मोजा घातलेला कृष्ण. मधुमतीने गायला सुरुवात केली. पहिली ओळ बेसूर गेली, दुसरी लागली. रस्त्यावरून कुत्रा घेऊन जाणारा माणूस थांबला, मायराने त्यालाही मूठभर अक्षता दिल्या, आणि योग्य वेळी त्यानेही त्या टाकल्या. पूर्वीने झाडाला हळदकुंकू वाहिलं. वाटीतली फळं, आवळा आणि चिंच पाटावर ठेवली. शेवटचं सावधान झालं आणि कमलाकरने टॉवेल ओढून घेतला.

"झालं?" परीक्षित म्हणाला. त्याच्या केसांत अक्षता होत्या. "आता बोला."

"नाही," कमलाकर म्हणाला.

"काय नाही?"

"कुंपण जाणार नाही. जुलैत माझं तोंड उघडत नव्हतं. आता उघडलंय. नाही."

"मग गाडी कुठे ठेवायची? इथे रस्त्यावर पार्किंगचं परमिट एकच आहे. पूर्वीची गाडी चार्ज कुठे करायची? फुटपाथवरून वायर?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला कळतं का, मग आम्ही येऊ नाही शकत?"

"कळतं."

"सो तुम्ही झाड चूज करता. आमच्यापेक्षा."

"परी," पूर्वी म्हणाली.

"नाही, बोलू दे मला." परीक्षितचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. आईचं वळण. "आई गेली तो फोन मला मीटिंगमध्ये आला. मग मी एमट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर उभा होतो. सगळा ट्रॅफिक उभा. पुढे कुणाचा तरी अ‍ॅक्सिडेंट. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि गाडी हलत नव्हता. मी पोचलो तेव्हा तिला खाली मॉर्चरीत नेलं होतं. मला तसा फोन परत नको. म्हणून मी येतो आहे इथे. मला घर नको, काही नको. आणि तुम्ही मला ह्या फळांचं सांगता."

हे तो आजवर बोलला नव्हता. कमलाकरला वाटलं, पुढे होऊन त्याच्या केसांतल्या अक्षता काढाव्यात. पण हात पुढे केला असता तर नाही म्हटलेलं मऊ पडलं असतं, आणि मऊ पडलेलं नाही ह्या घरात हो म्हणून धरतात, हे त्याला आज दुपारीच कळलं होतं. त्याने टॉवेलची घडी केली.

"ये ना," तो म्हणाला. "येऊ नको कोण म्हणतंय. वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. मला सोबत हवीच आहे. रात्री पायरी वाजली की मी दचकतो, तुला खोटं कशाला सांगू. पण माझ्या सोबतीसाठी हे उपटायचं असेल तर तशी सोबत मला नको. मी एकटा राहीन."

"बाबा, ते झाड आहे."

"झाडच आहे. मी वेडा झालो नाही. तुझी आई त्याच्यात बसलेली नाही. ती गेली. पण ह्या घरात बाकी जे काही आहे ते आम्ही दुकानातून आणलं. सोफा, पडदे, टीव्ही. सगळं परत मिळतं. हे तिने वाढवलं. एक हे आणि एक तू."

मायरा पाटावरची फळं एकेक करून खात होती.

मधुमती खाकरली. "परी, तुझ्या बाबांचं बरोबर आहे."

"आत्या, तुम्ही सकाळपासून माझ्या साइडला होता."

"सकाळी मी चहा घेतला नव्हता."

"इथे सगळे एक टीम झालात. फाइन." परीक्षितने खिशातून किल्ली काढली. "मी कॅन्सल नाही करणार. मी तीन महिने त्या काउन्सिलच्या मागे होतो. तुम्हाला नको तर तुम्ही सांगा त्या लोकांना. तुम्ही स्वतः. मी नाही."

त्याला माहीत होतं तो काय म्हणतोय. घरातले फोन, गॅसवाले, कौन्सिल, डॉक्टर, सगळ्यांशी वैजयंती बोलायची. कमलाकर शेजारी उभा राहून मान हलवायचा.

"सांगेन," कमलाकर म्हणाला.

निघताना पूर्वीने न विचारता फळांचा डबा भरून घेतला. "जॅमला साखर आई किती घालायच्या हो?" तिने हळूच विचारलं.

"बघून घालायची. चाखत जायची."

"मग मीही तसंच करते," ती म्हणाली. गाडी मागे घेताना परीक्षितचा आरसा फांद्यांना घासला आणि चार-दोन फळं बॉनेटवर पडली. त्याने ती पुसली नाहीत. मायरा मागच्या काचेतून हात हलवत राहिली.

मधुमती राहिली. रविवारी दोघांनी उरलेलं जेवण गरम करून खाल्लं. परीक्षितचा फोन आला नाही. "तू कर," ती म्हणाली. "करीन," तो म्हणाला, आणि केला नाही.

सोमवारी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर कोट घालून बाहेर आला आणि स्टूल घेऊन बरोबर फटीत बसला. मधुमतीने दारातून विचारलं, "हे काय, पहारा?"

"बसलोय."

व्हॅन आली. मागे ट्रेलरवर छोटं खोदायचं यंत्र. दोन माणसं उतरली. म्हाताऱ्याने गुड मॉर्निंग म्हटलं, तरण्याने हातमोजे चढवले. म्हातारा म्हणाला, साहेब, जरा बाजूला होता का, यंत्र आत घ्यायचंय.

"नो," कमलाकर म्हणाला.

म्हाताऱ्याला वाटलं, ह्याला इंग्रजी कळलं नाही. त्याने हळूहळू, हातवारे करून पुन्हा सांगितलं. कमलाकरने पुरतं ऐकून घेतलं. मग त्याला समजेल अशा सरळ इंग्रजीत सांगितलं की हे घर माझं आहे, कुंपण माझ्या बायकोने लावलेलं आहे, आणि ते निघणार नाही. आज नाही आणि नंतरही नाही. तुमची फेरी फुकट गेली त्याबद्दल वाईट वाटतं, चहा हवा असेल तर मिळेल. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आवाज कापला नाही.

"बुकिंग दुसऱ्याच्या नावावर आहे," म्हातारा म्हणाला, आणि त्याने फोन लावला. स्पीकरवर टाकला. रिंग बराच वेळ वाजली.

"तुमचे वडील वाटेत बसलेत," म्हातारा म्हणाला. "उठायला तयार नाहीत."

पलीकडून काही आलं नाही. मागे ऑफिसातला आवाज, कुणाची तरी खुर्ची सरकली. कमलाकर फोनकडे बघत राहिला. मुलाचं गप्प बसणं त्याने याआधी कधी ऐकलं नव्हतं. अगदी आपल्यासारखं होतं ते.

"इट्स माय डॅड्स हाउस," परीक्षित म्हणाला. "डू व्हॉट ही सेज." आणि फोन ठेवला.

म्हाताऱ्याने खांदे उडवले. जाता जाता कुंपणाकडे बोट करून विचारलं, ही लाल फळं विषारी नाहीत ना? कमलाकरने उठून बोट लावलं, पिकलेली चार-पाच काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्याने एक खाल्लं, भुवया वर केल्या आणि बाकीची तरण्याला दिली. व्हॅन गेली.

"आता तरी कर त्याला फोन," मधुमती म्हणाली.

"संध्याकाळी. आधी हे."

तो आत गेला आणि मागच्या खोलीतल्या खिडकीतून दह्याचे जुने डबे ट्रेमध्ये भरून घेऊन आला. प्रत्येकात वीतभर रोप. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात, दुखणं कळायच्या आधी, वैजयंतीने कुंपणाच्या फांद्या तोडून त्यांत खोचल्या होत्या. ती गेल्यावर घरात तेवढ्याला तो पाणी घालत राहिला. स्वतः जेवायला विसरायचा, ह्यांना पिंपातलं पाणी आणायला विसरला नाही.

"कुठे लावतोस?"

"इथे." त्याने फटीतली खडी फावड्याने बाजूला केली. खाली माती घट्ट होती, गाडीच्या चाकांनी दाबलेली. पहिल्या घावाला फावडं नुसतं वाजलं.

"ह्या दिवसांत लावतात?"

"नाही. ती एप्रिलमध्ये लावायची. रात्री साडी घालीन."

मधुमतीने पदर खोचला आणि चहाच्या चोथ्याचं भांडं आणायला आत गेली. कमलाकर खणत राहिला. दम लागला की स्टुलावर बसायचा, मग पुन्हा उठायचा. एकेक रोप जुन्या कुंपणाच्या रेषेत बसवत तो फट भरत गेला. शेवटी एका माणसाला आत येता येईल एवढी वाट उरली.

तो मागे सरकून बघत राहिला. मग वाकून शेवटचं रोप मातीसकट उचललं आणि थोडं बाजूला लावलं. मायरा धावत येते, आणि तिच्या मागून तिचा हात धरलेलं कुणी ना कुणी असतं. दोन माणसं शेजारी शेजारी येतील एवढी वाट झाली. गाडी मात्र येणार नव्हती.

त्याने पायाने माती दाबली आणि ह्या नव्या जागीही चोथा घाल म्हणून बहिणीला हाक मारली.